छोट्या ए.टी.व्ही.चा ड्राइव्ह बेल्ट लवकर का झिजतो: खुणा वाचून कारण शोधण्याची पद्धत

ए.टी.व्ही. म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलने वळवायची चारचाकी गाडी. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा तिचा रबरी पट्टा, म्हणजे ड्राइव्ह बेल्ट, गेला की बहुतेक नवे मालक जुना बेल्ट काढतात, नवा बसवतात आणि जुना कचऱ्यात टाकतात. माझी पहिली विनंती अशी, की जुना बेल्ट लगेच फेकू नये. बेल्ट हा झिजणाराच भाग आहे आणि भरपूर चालून झिजला असेल तर त्यात वावगे काही नाही. मात्र अपेक्षेपेक्षा बराच आधी गेलेला बेल्ट बहुधा गाडीतल्या दुसऱ्या एखाद्या दोषामुळे किंवा चालवण्याच्या सवयीमुळे गेलेला असतो, आणि ते कारण त्याच्या अंगावर उमटलेले असते. कारण न शोधता घातलेला नवा बेल्टही त्याच वाटेने जातो, म्हणून या लेखात बेल्ट बदलण्यापेक्षा तो तपासण्यावर अधिक भर दिला आहे.

बेल्टचे काम आणि आपल्या गाडीचा प्रकार

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिन फिरवते त्या मुख्य दांड्यावर, पुढची पुली असते. तिच्या दोन तिरप्या थाळ्यांपैकी एक स्थिर असते आणि दुसरी सरकते. इंजिनाचा वेग वाढला की आतले रोलर केंद्रापासून बाहेर ढकलले जातात, सरकती थाळी दाबतात आणि बेल्ट पुलीच्या काठाकडे चढू लागतो. बेल्टची लांबी बदलत नसल्यामुळे त्याच वेळी तो मागच्या पुलीत स्प्रिंगचा जोर सोसून खोल उतरतो. गिअर न बदलता वेग वाढतो तो असा. रबरी बेल्टच्या जोरावर चालणारी ही रचना १९५८ मध्ये डाफ या डच कंपनीने आपल्या छोट्या मोटारीत आणली होती, आणि आजच्या ए.टी.व्ही.मधले तत्त्व तेच आहे.

इथे एक गोष्ट मनात पक्की करावी. बेल्ट सगळी ताकद आपल्या दोन तिरप्या कडांच्या घर्षणावर पोहोचवतो. त्याची पाठ किंवा पोटाकडचे दात पुलीवर कसलाही भार घेत नाहीत. बेल्टच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचे मूळ या दोन कडांना मिळणारी पकड बिघडण्यात असते. पकड सुटली की घसरण होते, घसरणीतून उष्णता निर्माण होते, उष्णतेने रबर कडक होते आणि कडक रबराची पकड आणखी कमी होते. हे चक्र एकदा सुरू झाले की बेल्ट फार काळ टिकत नाही.

छोट्या गाड्यांमध्ये दोन रचना आढळतात आणि पुढची सगळी तपासणी आपली रचना कोणती यावर अवलंबून आहे. स्कूटरच्या धर्तीचे इंजिन असलेल्या लहान ए.टी.व्ही.मध्ये मागच्या पुलीच्या बाहेरच्या अंगाला वाटीच्या आकाराचा क्लच ड्रम असतो. त्यात बेल्ट कायम ताणलेला राहतो, इंजिन मंद चालू असतानाही फिरतो, आणि गाडी निघते ती क्लचचे बूट (वेग वाढला की बाहेर फाकणारे घर्षणाचे तुकडे) त्या ड्रमला आतून पकडतात तेव्हा. दुसऱ्या रचनेत असा वेगळा क्लच नसतो. मंद वेगात बेल्ट पुढच्या पुलीत सैल असतो आणि पुलीच त्याला दाबून पकडते. या दुसऱ्या प्रकारात गाडी चिखलात अडकली असताना थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवण्याचा खटका) दाबत राहिले, तर थांबलेल्या बेल्टच्या एकाच जागी पुढची पुली घासत राहते. पहिल्या प्रकारात त्याच प्रसंगी आधी क्लचचे बूट जळतात आणि बेल्ट बहुधा वाचतो.

बेल्टचे झाकण उघडण्यापूर्वी: गाडी काय सांगते

जळक्या रबराचा वास, घसरताना येणारी किंचाळी, आणि इंजिनाचा आवाज चढत असूनही वेग न वाढणे, ही तीन लक्षणे सगळ्यांनाच माहीत असतात. मात्र ती नेमकी केव्हा दिसतात याची नोंद केली तर निम्मे काम होते. केवळ उभ्या गाडीला पुढे नेताना थरथर आणि घसरण होत असेल, आणि गाडी एकदा चालू लागल्यावर सगळे सुरळीत असेल, तर क्लचचे बूट व ड्रम आधी पाहावेत. चालत्या गाडीत, विशेषतः चढावर किंवा ओझे ओढताना पकड सुटत असेल, तर बेल्ट किंवा मागच्या पुलीची मऊ पडलेली स्प्रिंग यांच्यावर संशय घ्यावा. घसरण मुळीच नाही, पण पूर्वीचा सर्वाधिक वेग आता मिळत नाही, असे असेल तर बेल्ट अरुंद झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. अरुंद बेल्ट थाळ्या पूर्ण मिटल्या तरी काठापर्यंत चढू शकत नाही. चाकांच्या वेगाबरोबर वाढणारी एकसारखी 'धप धप' असेल, तर बेल्टचा एखादा तुकडा झिजला किंवा उडाला आहे असे समजून गाडी तिथेच थांबवावी.

त्याच वेळी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने ढकलून पाहावी. ब्रेक चिकटलेले असतील, पार्किंग ब्रेक अर्धवट लागलेला असेल, टायरमध्ये हवा कमी असेल किंवा मागच्या आसाकडे जाणारी चेन कोरडी वा अतिताणलेली असेल, तर गाडी जड जाते आणि तो सगळा भार बेल्टवर येतो. मूळ मापापेक्षा मोठे टायर घातल्यानेही हेच होते. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते.

उघडण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, किल्ली काढावी आणि स्पार्क प्लगची टोपी सोडवून ठेवावी. झाकण काढलेले असताना इंजिन कोणत्याही कारणासाठी सुरू करू नये. फिरत्या पुलीत बोट किंवा बाही गेली तर ती मागे घेण्याइतका वेळ मिळत नाही, आणि तुटलेला बेल्ट चाबकासारखा बाहेर येतो.

झाकणाच्या भोवतीचा चिखल आधी धुऊन वाळवावा, नाहीतर तोच पुलीवर पडतो. बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचावा. झाकण अडकले तर रबरी हातोडीने हलके ठोकावे. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटल्यास गॅस्केटची (सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पट्टीची) बैठक खराब होते आणि पुढे तिथूनच पाणी आत येते. झाकण निघाल्यावर काहीही पुसण्यापूर्वी एक छायाचित्र घ्यावे. थोडी काळी भुकटी नेहमीच असते. भुकटीचे ढीग, दोऱ्यांचे पुंजके किंवा तेलाचा ओलावा दिसला तर तो कोणत्या बाजूला आहे हे लिहून ठेवावे.

बेल्टवर दिशेचा बाण असतो. तो पुसला गेला असेल तर खडूने स्वतः काढावा. पुढच्या पुलीचा नट सोडवताना ती धरून ठेवण्यासाठी त्या इंजिनासाठी बनवलेले पुली धरण्याचे हत्यारच वापरावे. पंख्याच्या पात्यांमध्ये पाना अडकवला तर पाती तुटतात, आणि तीच पाती बेल्टला हवा देऊन थंड ठेवत असतात. नट सुटल्यावर पुढची बाहेरची थाळी काढावी, मागच्या पुलीच्या थाळ्या दोन्ही हातांनी फाकवून बेल्ट त्यात खोल दाबावा, म्हणजे तो ढिला होऊन सहज निघतो.

जुना बेल्ट वाचणे

हा या कामाचा गाभा आहे आणि त्यासाठी उजेड चांगला हवा. बेल्ट कोरड्या फडक्याने पुसून, वितभर लांबीचा एकेक भाग बाहेरच्या बाजूला वाकवत संपूर्ण फेरा पाहावा. दात अशा वेळी फाकतात आणि एरवी न दिसणाऱ्या भेगा उघड्या पडतात.

त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने पाठीजवळची रुंदी किमान चार ठिकाणी मोजावी. नव्या बेल्टचे माप त्याच्या पाठीवरच्या आकड्यांत मिळते: ७४३-२०-३० असे लिहिले असेल तर लांबी ७४३ मि.मी., रुंदी २० मि.मी. आणि दोन कडांमधला कोन ३० अंश. किमान रुंदी किती चालते याबाबत गाडीची पुस्तिका सांगेल तेच अंतिम मानावे. पुस्तिका हाताशी नसेल तर या आकाराच्या बेल्टमध्ये साधारण एक मिलिमीटर रुंदी गेली की तो बदलण्याच्या टप्प्यावर आला असे धरून चालावे. चारही मापे सारखी असतील आणि कडा मंद, काळ्या व गुळगुळीत असतील, तर बेल्ट आपले आयुष्य जगून झिजला आहे.

कडा काचेसारख्या चकचकीत आणि नखाने दाबल्या तरी न दबणाऱ्या झाल्या असतील, तर बेल्ट दीर्घकाळ थोडा थोडा घसरत होता. मागच्या पुलीची मऊ स्प्रिंग, तेलकट थाळ्या, सततचा जादा भार किंवा हवेचा बंद झालेला मार्ग यांपैकी एखादे कारण तिथे नक्की सापडेल.

एकाच जागी दोन्ही कडा खोल खाल्ल्या जाऊन बेल्टचा आकार डमरूच्या कमरेसारखा झाला असेल, तर ही खूण वर सांगितलेल्या दुसऱ्या रचनेतली आहे. गाडी अडकली होती, चाके फिरत नव्हती, तरी थ्रॉटल दाबलेला होता. इथे यंत्रात दोष शोधण्यापेक्षा चालवणाऱ्याशी शांतपणे बोलणे अधिक उपयोगी पडते.

केवळ एकाच कडेचे दोरे सुटून त्यांची झालर लोंबत असेल, तर दोन्ही पुली एका रेषेत नाहीत, किंवा एखाद्या थाळीच्या काठाला धार आली आहे. दातांच्या मधल्या खाचेत आडव्या भेगा असतील तर रबर वयाने किंवा उष्णतेने वाळले आहे. अख्खे दात निखळले असतील, तर बेल्टला मोठे हिसके बसले आहेत: उडीनंतर चाके जमिनीला टेकताना दाबलेला थ्रॉटल, उलट्या गिअरमधून थांबल्याशिवाय पुढे टाकलेली गाडी, किंवा कडक थंडीत बेल्ट गरम होऊ न देता घेतलेला पूर्ण वेग.

बेल्ट फुगलेला, चिकट किंवा मऊ लागत असेल तर त्याला तेल लागले आहे. पुढच्या पुलीच्या मागे ओलावा असेल तर क्रँकशाफ्टचे सील (तेल अडवणारे रबरी कडे) गेले. मागच्या पुलीच्या मागे असेल तर गिअरबॉक्सचे. तिसरी शक्यता नवखे विसरतात: मागच्या पुलीच्या आतल्या सरकत्या भागात ग्रीस असते, आणि तिथली ओ-रिंग (ग्रीस अडवणारी गोल रबरी कडी) फाटली किंवा कोणी ग्रीस गरजेपेक्षा जास्त भरले, तर ते फिरण्याच्या जोराने थाळ्यांवर उडते. तेल लागलेला बेल्ट धुऊन पुन्हा वापरू नये, कारण रबरात शिरलेले तेल निघत नाही.

पुली, रोलर आणि हवेचा मार्ग

बेल्टने दाखवलेल्या दिशेने आता पुलीकडे वळावे. थाळीच्या तिरप्या पृष्ठभागावरून केंद्राकडून काठाकडे नख ओढत न्यावे. नख एखाद्या कड्यावर अडकले तर तिथे खाच पडली आहे, आणि नवा बेल्ट त्या खाचेशी आला की तिथेच थबकेल. अशी थाळी घासून सपाट करण्याच्या फंदात पडू नये. तिचा कोन बिघडतो, म्हणून ती बदलावी. निळसर डाग हे अतिउष्णतेचे चिन्ह आहे. निव्वळ काळा थर असेल तर बारीक घासणी आणि ब्रेक क्लीनर यांनी तो काढावा. ब्रेक क्लीनर बेल्टवर मात्र मारू नये.

रोलर एकेक करून सपाट काचेवर हाताने घरंगळवावेत. गोल रोलर सरळ जातो, आणि एका बाजूला चपटा झालेला रोलर त्या बाजूवर येऊन टक्क असा थांबतो. असे रोलर थाळीला एकसारखे ढकलू शकत नाहीत, त्यामुळे गाडी एका वेगाला अडखळते आणि बेल्ट एकाच पट्ट्यात घासत राहतो. रोलर नेहमी पूर्ण संचच बदलावा, आणि वजन मूळचेच ठेवावे. मागच्या पुलीच्या थाळ्या हाताने फाकवून सोडल्यावर त्या जोरात आणि न अडखळता मिटल्या पाहिजेत.

एका रेषेत असण्याची तपासणी सरळ पोलादी पट्टी थाळ्यांना लावून करता येते. इंजिन ज्यांवर बसवलेले असते ती रबरी माउंटिंग फाटली असतील तर भाराखाली इंजिन वळते आणि उभ्या गाडीत बरोबर दिसणारी रेषा चालताना बिघडते. म्हणून टायर लिव्हरने इंजिन हलके उचलून माउंटिंगही पाहावीत.

बेल्टच्या कप्प्यात हवा आणणारी नळी बहुधा सीटखाली किंवा पुढे वर नेलेली असते. तिच्या तोंडाशी चिखल, गवत किंवा कोळ्याचे जाळे असेल, फोम गच्च भरला असेल किंवा नळीचा क्लॅम्प निघाला असेल, तर बेल्ट आपल्याच उष्णतेत शिजतो. लवकर गेलेल्या बेल्टच्या बाबतीत मी ही नळी हवा फुंकून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

बेल्ट आत फुटलेला असेल तर त्याचा प्रत्येक दोरा शोधून काढावा लागतो. हे दोरे शाफ्टभोवती गुंडाळले जातात, सीलच्या ओठाखाली घुसतात, आणि काही दिवसांनी तेलगळती सुरू झाली की नवा बेल्टही जातो.

बसवताना होणारी एक महाग चूक

नवा बेल्ट जुन्याच्या आकड्यांशी ताडून घ्यावा. सामान्य यंत्रांचा व्ही-बेल्ट मापाने जवळ वाटला तरी तो या कामाचा नसतो. साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पूर्ण वाळवल्यास त्यावरची उत्पादनातली भुकटी आणि हाताचे तेल निघून जाते.

यापुढचा भाग स्कूटर धर्तीच्या रचनेला लागू आहे आणि तो सावकाश वाचावा. बेल्ट मागच्या पुलीत दोन थाळ्यांच्या मध्ये खोल दाबून ठेवावा, इतका की पुढच्या बाजूला तो शाफ्टवर ढिला लोंबेल. त्यानंतरच पुढची थाळी चढवून नट लावावा. बेल्ट ढिला नसेल तर तो पुढच्या दोन थाळ्यांमध्ये चिमटला जातो, आणि थाळी मधल्या नळीवर टेकण्याऐवजी बेल्टवर टेकते. नट घट्ट झाल्यासारखे वाटते, पण तो घट्टपणा रबराचा असतो. गाडी सुरू होताच बेल्ट वर सरकतो, नट सैल पडतो आणि थाळी डुलत क्रँकशाफ्टच्या खाचा खाऊन टाकते. माझ्याकडून सुरुवातीच्या काळात हे घडले आहे. बेल्टच्या खर्चात भागणारे काम क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचले, आणि तेव्हापासून नट लावण्यापूर्वी मी थाळीच्या मध्यातून शाफ्टच्या खाचा पुरेशा बाहेर आल्या आहेत की नाही हे डोळ्यांनी पाहतो. नट पुस्तिकेतल्या मापानेच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा. मग पुढची पुली हाताने फिरवत राहावे: मागे दाबलेला बेल्ट हळूहळू वर येऊन काठाशी बसला आणि पुढे ताणला गेला, म्हणजे जुळणी बरोबर झाली.

झाकण लावण्यापूर्वी पुढच्या थाळीच्या तिरप्या भागावर केंद्रापासून काठापर्यंत मार्करने एक रेघ ओढावी. बेल्ट रुळल्यावर गाडी एकदा पूर्ण वेगाने चालवून झाकण पुन्हा उघडले, की बेल्ट जिथवर चढला तिथवरची रेघ पुसलेली दिसते. रेघ जवळजवळ काठापर्यंत पुसली गेली असेल तर पुली पूर्ण प्रवास करते आहे. बाहेरचा मोठा भाग शाबूत असेल तर रोलर, त्यांच्या मागची पट्टी किंवा बेल्टचे माप यांत अजून काहीतरी चुकते आहे.

रुळवणे आणि पुढची काळजी

नव्या बेल्टच्या कडा पुलीच्या कोनाशी जुळायला थोडा वेळ लागतो. पहिले ५० ते ८० किलोमीटर थ्रॉटल अर्ध्याच्या आत ठेवावा, वेग सतत कमीजास्त करावा आणि काही ओढू नये. ज्या गाडीत लो गिअर (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर) आहे तिथे ताशी दहा-अकरा किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या कामासाठी, चढासाठी आणि ओझ्यासाठी तोच वापरावा. लो नसलेल्या छोट्या गाडीत अडकल्यावर थ्रॉटल वाढवत नेण्याऐवजी उतरून चाकांपुढची माती काढावी किंवा गाडी ढकलावी.

पाण्यातून गेल्यावर बेल्ट घसरू लागला तर गाडी तशीच दामटू नये. इंजिन बंद करून झाकणाच्या तळाचा निचरा प्लग असेल तर तो उघडावा, पाणी निथळू द्यावे, आणि मग न्यूट्रलमध्ये ब्रेक लावून थ्रॉटल थोडा थोडा देत पुलीतून हवा फिरवावी. पाणी वारंवार येत असेल तर गॅस्केट आणि हवेच्या नळीचे सांधे तपासावेत.

रुळवण्याचे अंतर पुरे झाल्यावर मार्करची रेघ पाहण्यासाठी झाकण उघडाल, तेव्हाच बेल्टची रुंदी पुन्हा चार ठिकाणी मोजावी आणि तारीख व किलोमीटरसह झाकणाच्या आतल्या अंगाला लिहून ठेवावी. पुढच्या प्रत्येक तपासणीत याच नोंदीशी तुलना करावी लागेल. काढलेला बेल्ट चालण्याजोगा असेल तर त्यावर दिशेचा बाण ठळक करून, सैल वेटोळे घालून, तेलापासून दूर पिशवीत बांधून गाडीच्या पेटीत ठेवावा; वाटेत बेल्ट तुटला तर घरी पोहोचण्यापुरता तो पुरतो.